सुक्रॅलोज, घरची विहीर आणि वरच्या अंगाचा शोषखड्डा

दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका वाडीतून एका ताईंनी प्रश्न विचारला आहे. घरची विहीर जांभ्या दगडातली, पिण्याचं पाणी तिचंच. वरच्या अंगाला शेजाऱ्यांनी होमस्टे काढला आहे. सासऱ्यांना मधुमेह आहे, ते चहात साखरेऐवजी गोळी टाकतात. घरात तीन वर्षांची मुलगी आहे. अशा गोळ्यांतली कृत्रिम गोडी देणारी रसायनं परदेशात नळाच्या पाण्यात सापडली आणि शुद्धीकरणातही ती निघत नाहीत, हे त्यांच्या वाचनात आलं. आमच्या विहिरीत ती असतील का, असली तर मुलीला अपाय होईल का आणि आरओ घ्यावा का, असं त्या विचारतात.

ताई, आधी थेट उत्तरं देतो. असू शकतील. त्या रसायनांमुळे मुलीला अपाय होण्याची शक्यता, आज जे माहीत आहे त्यावरून, अगदी नगण्य आहे. आरओ त्यासाठी घेऊ नका. पण ती रसायनं विहिरीत असतील तर ज्या वाटेने ती आली, त्याच वाटेने आणखी काय आलं, ही काळजी मात्र खरी आहे. माझी सगळी नोकरी पाणी तपासण्यात झाली, आणि कोकणातल्या विहिरींबद्दल मला जे तळमळीने सांगावंसं वाटतं ते या दुसऱ्या भागातच आहे. पण पहिला भाग नीट समजल्याशिवाय दुसरा कळणार नाही.

गोडी देणारी सगळी रसायनं पाण्यात टिकत नाहीत. ॲस्पार्टेम आतड्यातच फुटतं, त्याची अमिनो आम्लं आणि थोडं मिथेनॉल होतं. ते विहिरीपर्यंत पोचत नाही. सॅकरिन सांडपाण्यातले जिवाणू बऱ्यापैकी संपवतात. टिकून राहतात ती मुख्यतः दोन, सुक्रॅलोज आणि ॲसेसल्फेम-पोटॅशियम. सुक्रॅलोज १९७६ साली लंडनमध्ये सापडलं. साखरेच्या रेणूतले तीन हायड्रॉक्सिल गट काढून त्या जागी क्लोरीनचे अणू बसवले की सुक्रॅलोज होतं. साखरेच्या सुमारे ६०० पट गोड, पण शरीराला जवळजवळ न पचणारं. खाल्ल्यापैकी साधारण ८५ टक्के शौचावाटे जसंच्या तसं बाहेर पडतं. ॲसेसल्फेम १९६७ साली जर्मनीत सापडलं, साखरेच्या २०० पट गोड. ते रक्तात जातं, पण शरीर त्याचं काहीच करत नाही आणि ते लघवीतून तसंच निघून जातं. ज्याला आपल्या पोटातले जिवाणू हात लावत नाहीत, त्याला सेप्टिक टाकीतले जिवाणूही फारसा लावत नाहीत. तुरटी, वाळूचा थर, क्लोरीन या नेहमीच्या शुद्धीकरणातूनही ही दोन्ही बहुतांशी पार होतात. ओझोनने ॲसेसल्फेम मोडतं, सुक्रॅलोज त्यालाही बऱ्यापैकी दाद देत नाही.

म्हणून ती जगभर सापडली. स्वित्झर्लंडमध्ये २००९ साली ॲसेसल्फेम नद्या-तलावांत, भूजलात आणि नळाच्या पाण्यातही मिळालं. अमेरिकेतल्या २०११ सालच्या एका पाहणीत १९ पैकी १५ जलशुद्धीकरण केंद्रांच्या कच्च्या पाण्यात सुक्रॅलोज होतं, आणि शुद्ध होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्यात ते लिटरला जास्तीत जास्त २.४ मायक्रोग्रॅम निघालं. कॅनडातल्या ग्रँड नदीत, जिच्या काठी मोठी शहरं आहेत, लिटरला २१ मायक्रोग्रॅमपर्यंत सुक्रॅलोज मोजलं गेलं. त्याच देशात २०१७ साली संशोधकांनी पोहण्याच्या तलावातलं ॲसेसल्फेम मोजून त्यात लोकांनी किती लघवी केली असेल याचा अंदाज बांधला. ८ लाख ३० हजार लिटरच्या तलावात सुमारे ७५ लिटर. हे शेवटचं उदाहरण लक्षात ठेवा, कारण या रसायनांचा खरा उपयोग तिथे दिसतो. आपल्याकडे गंगेच्या खोऱ्यातल्या नदीच्या व भूजलाच्या नमुन्यांतही कृत्रिम गोडी देणारी रसायनं सापडली आहेत, नॅनोग्रॅमच्या मापात. म्हणजे हा फक्त परदेशातला प्रकार राहिलेला नाही.

आता प्रमाण. एक चमचा साखरेइतकी गोडी द्यायला साधारण ८ मिलिग्रॅम सुक्रॅलोज पुरतं. अमेरिकेतल्या त्या सर्वांत जास्त आकड्याचं पाणी एखाद्याने रोज दोन लिटर प्यायलं, तर एका गोळीइतकं सुक्रॅलोज पोटात जायला साडेचार वर्षं लागतील. तुमचे सासरे तेवढं एका कपात घेतात. मुलीचा हिशोब वेगळा करू. तिचं वजन १२ किलो धरलं, आणि अमेरिकेची मर्यादा धरली (शरीराच्या दर किलोला रोज ५ मिलिग्रॅम, जागतिक संघटनांची तज्ज्ञ समिती १५ मिलिग्रॅम मानते, मी मुद्दाम कडक आकडा घेतोय), तर तिला दिवसाला ६० मिलिग्रॅमपर्यंत सुरक्षित मानतात. ग्रँड नदीचं पाणी तिने रोज एक लिटर प्यायलं तरी पोटात जाईल ०.०२१ मिलिग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या जवळपास तीन हजाराव्या भागाइतकं. शोषखड्ड्याच्या खालच्या विहिरीत हे प्रमाण नदीपेक्षा जास्त असू शकतं, पण दसपट धरलं तरी अंतर प्रचंड राहतं. पिण्याच्या पाण्याच्या आपल्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, किंवा जागतिक आरोग्य संघटनेच्या पाण्याच्या मार्गदर्शिकेत या रसायनांना मर्यादाच दिलेली नाही. त्यावरून घाबरू नका.

तरीही सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही. २०२३ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाने सुक्रॅलोज-६-ॲसिटेट नावाच्या, सुक्रॅलोज बनवताना त्यात अंशाने उरणाऱ्या पदार्थामुळे प्रयोगशाळेतल्या पेशींच्या डीएनएला इजा होते असं दाखवलं. २०२१ साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की सॅकरिन, सुक्रॅलोज, ॲस्पार्टेम आणि ॲसेसल्फेम यांच्या सान्निध्यात जिवाणू एकमेकांना प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुकं जास्त वेगाने देतात. हे प्रयोग काचपात्रातले आहेत, विहिरीतल्या पाण्याने माणूस आजारी पडल्याचा पुरावा त्यातून मिळत नाही. पण जे कुजत नाही ते दरवर्षी साठत जातं, आणि नदी-खाडीतून अखेर समुद्रात जातं. अटलांटिकमध्ये गल्फ स्ट्रीमच्या पाण्यातही सुक्रॅलोज मोजलं गेलं आहे. असं रसायन अन्नात मोकळ्या हाताने वापरायची परवानगी देताना ते पुढे कुठे जाईल हे आधी तपासायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तुमच्या विहिरीकडे येतो.

संशोधक ॲसेसल्फेम आणि सुक्रॅलोज मोजतात ते बहुतेक वेळा त्यांच्या विषारीपणासाठी नव्हे, तर खूण म्हणून. ही दोन्ही जमिनीत आपोआप तयार होत नाहीत, गुरांच्या शेणात नसतात, खतात नसतात. ती भूजलात सापडली म्हणजे माणसाच्या संडास-बाथरूमचं पाणी तिथवर पोचलं, याबद्दल फारशी शंका उरत नाही. कॅनडात सेप्टिक टाकीखालून सरकणारं दूषित पाणी ओळखायला ॲसेसल्फेम वापरतात. सॅकरिन मात्र अशी खात्रीची खूण नाही. भातात वापरल्या जाणाऱ्या मेटसल्फ्युरॉनसारख्या तणनाशकांचं मातीत विघटन होतानाही सॅकरिन तयार होतं.

पाणी उतरण्याच्या बाबतीत जांभा म्हणजे चाळण. वरून काताळ दिसतं टणक, पण आत बोटं जातील एवढ्या पोकळ्या, नळ्या आणि भेगा असतात. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडूनही मार्चमध्ये विहिरी तळ गाठतात, ते याचमुळे. पाणी झरझर खाली उतरतं, जांभ्याखालच्या चिकणमातीच्या थरावर अडतं आणि उताराच्या दिशेने आडवं सरकत झऱ्यांतून, पऱ्ह्यांतून निघून जातं. मातीत सांडपाणी मुंगीच्या चालीने सरकतं, वाटेत जंतू मरतात, गाळले जातात. जांभ्याच्या नळीत तसं काही होत नाही. विहिरीपासून शोषखड्डा पन्नास-साठ फूट लांब ठेवा, हा नियम मातीसाठी बरा आहे. आपल्या जांभ्यात मी त्यावर विसंबत नाही. अंतरापेक्षा खड्डा उताराच्या वर आहे की खाली, हे मी आधी पाहतो.

एक विहीर सांगतो. वाडी कोणती हे सांगत नाही. वर होमस्टे, साठ-पासष्ट फुटांवर त्याचा शोषखड्डा, कागदावर सगळं ठीक. खाली उतरून पाहिलं तर वरच्या अंगाच्या चिऱ्यांच्या एका सांध्यातून पाणी पाझरत होतं. बाकी विहिरीला नेहमीसारखं हिरवं शेवाळ, पण त्या सांध्याखाली हातभर रुंदीच्या पट्ट्यात राखाडी, बुळबुळीत थर. घरच्यांचं म्हणणं, हा जिवंत झरा आहे, कधी आटत नाही. एप्रिल संपत आलेला, आसपासच्या विहिरी खडखडीत, आणि झरा पाण्याच्या पातळीच्या पुरुषभर वर! विचारता विचारता घरातल्या आजी म्हणाल्या की सोमवारी तो जरा जास्त वाहतो. शनिवार-रविवारी होमस्टे भरलेला असायचा.

आम्ही टाकीतून शोषखड्ड्याकडे जाणाऱ्या चेंबरमध्ये जाड मिठाचं कडक पाणी ओतलं आणि त्या सांध्याखाली भांडं लावून तासातासाने पाण्याची विद्युतवाहकता मोजली, मीठ आलं की ती वाढते. संध्याकाळपर्यंत काही नाही. रात्री आकडा चढायला लागला, पहाटे तो आधीच्या तिपटीवर गेला आणि दुसऱ्या दिवशी हळूहळू उतरला. साठ-पासष्ट फूट जांभ्यातून पाणी एका रात्रीत आलं होतं. त्या विहिरीत नायट्रेट (सांडपाण्यातून आणि खतांतून येणारा क्षार) मर्यादेच्या वर होतं आणि मलजन्य जिवाणू होते. सुक्रॅलोज आम्ही मोजलंच नाही. त्याची गरजही नव्हती.

तुम्हीही ते मोजायच्या मागे लागू नका. त्याला मास स्पेक्ट्रोमीटर जोडलेलं महागडं यंत्र लागतं, जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत ती चाचणी नेहमीच्या यादीत नसते, आणि समजा आकडा आला तरी पुढचं काम तेच राहतं. त्याऐवजी नायट्रेट, क्लोराइड आणि ई. कोलाय (विष्ठेतून येणारे जिवाणू) या तीन चाचण्या करून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा किंवा उपविभागीय प्रयोगशाळेत त्या होतात. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारा, सार्वजनिक विहिरींचे नमुने तोच पाठवतो, त्याला वाट माहीत असते. जिवाणूंसाठी बाटली प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक केलेली घ्या, घरची उकळलेली चालत नाही. घरच्या कळशीने किंवा बादलीने नमुना काढू नका, नाहीतर कळशीचीच तपासणी होईल. बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा.

नमुने दोनदा घ्या. एकदा आत्ता पाणी खाली गेलेलं असताना, आणि एकदा जूनमध्ये पहिले चार-पाच जोराचे पाऊस झाल्यावर, कारण वर्षभर भेगांत साचलेली घाण तेव्हा धुऊन खाली येते. मानकाप्रमाणे नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत हवं आणि १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय एकही नको. पण ४५च्या आत आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. एवढा पाऊस धुऊन नेणाऱ्या आपल्या जांभ्यात, भोवती खताचा मारा नसताना, नायट्रेट वीस-पंचवीस निघालं तर मी वरच्या अंगाला टाकी शोधायला लागतो. क्लोराइड शेजारच्या विहिरींपेक्षा वाढलेलं असेल तर तोही इशारा, मात्र खाडी किंवा समुद्र अगदी जवळ असेल तर त्यात खाऱ्या पाण्याचा भाग वेगळा काढावा लागतो.

आणि शेजाऱ्यांशी बोलायच्या आधी स्वतःच्या घराभोवती फिरून या. तुमच्या सासऱ्यांची गोळी सुक्रॅलोजची असेल (पाकिटावर पाहा, काही ॲस्पार्टेमच्या असतात), तर तीही तुमच्याच टाकीत जाते. गणपतीत, शिमग्याला, मे महिन्यात चाकरमानी आले की तुमच्या घरातही माणसं तिप्पट होतात आणि टाकी तीच राहते. आपल्याच शोषखड्ड्याचं पाणी आपल्याच विहिरीत येणारी घरं मी कमी पाहिलेली नाहीत.

अहवाल येईपर्यंत मुलीचं पिण्याचं पाणी उकळा. खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर ठेवलं की जंतू मरतात. नायट्रेट आणि सुक्रॅलोज उकळून जात नाहीत, त्यामुळे नायट्रेट ४५च्या वर आलं तर पिण्यासाठी दुसरं पाणीच शोधावं लागेल. सहा महिन्यांच्या आतलं बाळ घरात असेल तर त्यात एक दिवसही घालवू नये. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकायची तर हजार लिटरला अडीच ते पाच ग्रॅम. दहा फूट व्यासाच्या विहिरीत दोन मीटर पाणी म्हणजे सुमारे साडेचौदा हजार लिटर, म्हणजे ३६ ते ७३ ग्रॅम पावडर. बादलीत कालवून चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी विहिरीत सोडा, तासभर थांबा. पुडी फोडून सरळ विहिरीत टाकण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी पाहतो. त्याने चुना तळाला बसतो आणि क्लोरीन मिसळत नाही. पावडर जुनी, उघडी पडलेली असेल तर तिच्यात क्लोरीन उरलेला नसतो. पण वरून सतत सांडपाणी येत असेल तर टीसीएल दर दोन दिवसांनी टाकत राहावी लागेल, आणि ते कायमचं उत्तर होऊ शकत नाही.

आरओबद्दल. सुक्रॅलोज, ॲसेसल्फेम, नायट्रेट सगळं आरओने मोठ्या प्रमाणात निघतं, हे खरं आहे. पण जांभ्यातलं पाणी मुळातच मऊ, त्यातले क्षार कमी. आरओ उरलेसुरलेही काढतो आणि एक लिटर गाळताना त्याहून जास्त पाणी वाया घालवतो, तेही एप्रिल-मेमध्ये, जेव्हा तुम्ही रहाटावर कळशी कळशीचा हिशोब करता. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ साली लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षारांच्या पाण्याला आरओ नको असं म्हटलं होतं. किनाऱ्याच्या वाळूतल्या, मचूळ झालेल्या विहिरींना आरओचा उपयोग आहे. तुमच्याकडे आधी येणारी घाण थांबवायला हवी. घरात यंत्र लावून घेतलं आणि वरचा खड्डा तसाच राहिला, तर भांडी, आंघोळ, मुलीचं चूळ भरणं, सगळं त्याच पाण्यावर चालू राहील.

सासऱ्यांच्या गोळीबद्दल थोडंसं, कारण तो प्रश्न पाण्यापेक्षा मोठ्या प्रमाणाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये वजन कमी करण्यासाठी ही रसायनं वापरू नका असं सुचवलं. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना ती सूचना लागू नाही. त्याच वर्षी जुलैत ॲस्पार्टेमची ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात नोंद झाली, पण रोजच्या सेवनाची मर्यादा किलोला ४० मिलिग्रॅम हीच कायम राहिली. चहातल्या दोन-तीन गोळ्या त्याच्या जवळपासही जात नाहीत. गोळीवरून डॉक्टरांशी बोला, माझ्या शब्दावर बंद करू नका. सुक्रॅलोज घालून शिरा परतणं, नानकटाई भाजणं मात्र टाळा. जास्त तापमानाला त्यातून क्लोरीनयुक्त नको असलेले पदार्थ तयार होऊ शकतात, असा इशारा जर्मनीच्या जोखीम मूल्यांकन संस्थेने २०१९ साली दिला आहे. मुलीला ती गोडी लावूच नका. रंगीत सरबतं, ‘साखर नाही’ म्हणून विकली जाणारी पेयं यांतून तिच्या पोटात एका बसणीत जेवढं जाईल, तेवढं विहिरीतून वर्षानुवर्षांत जाणार नाही.

शेजाऱ्यांकडे जाताना अहवाल हातात घेऊन जा आणि शक्य असेल तर सरपंचांना किंवा जलसुरक्षकाला बरोबर घ्या. तक्रार म्हणून न जाता टाकी किती खणांची आहे, शेवटचा गाळ कधी उपसला आणि खोल्या वाढवल्या तेव्हा टाकी वाढवली का, हे तीन प्रश्न विचारा. पुष्कळदा दोन खोल्यांसाठी बांधलेल्या टाकीवर सहा खोल्या चालतात, गाळ भरलेला असतो आणि पाणी न थांबता सरळ शोषखड्ड्यात जातं. गाळ उपसला तर तो टँकर कुठे रिकामा करतो हेही विचारा, नाहीतर तुमच्या विहिरीची घाण खालच्या वहाळात जाईल. खड्डा विहिरीच्या खालच्या अंगाला हलवता आला तर सर्वांत उत्तम. ती सोय नसेल तर टाकीनंतरचं पाणी खोल खड्ड्यात न सोडता, उथळ चरात मातीचा जाड थर भरून केळी, कर्दळ, अळू यांच्या मुळांशी पसरवावं. माती हवी, जांभ्याचा चुरा नको. तुमच्या नारळी-पोफळीच्या आगरातून मळीची माती मिळत असेल तर तीच चांगली. हे काम एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या पहिल्या आठवड्यात उरकायला हवं. वळवाचा पाऊस सुरू झाला की चर भरून येतो, गडी भातलावणीच्या तयारीला लागतात, आणि पुढच्या गणपतीला होमस्टे पुन्हा भरतो.